मानवी मनाचा सिद्धांत मांडायचाय? या, बसा

मनाचा विषय निघाला की अख्खा महाराष्ट्र ज्या गावाचं नाव घेतो, त्या गावात आपण राहतो. 'याला ठाण्याला पाठवा' हे ऐकतच आपण मोठे झालो. मनोरुग्णालय इथं १९०१ पासून उभं आहे. तेव्हा काका, निवृत्तीनंतर तलावपाळीला फेऱ्या मारून कंटाळा आला असेल, तर मानवी मनाचा एखादा सिद्धांत मांडून टाका. पात्रतेची चिंता नको, पद्धत तेवढी सांभाळा.

सिद्धांत 'माणसाचा' आहे, म्हणजे अर्थातच मुलगे गोळा करायचे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५८ साली नैतिक विकासाच्या पायऱ्या रचल्या, त्या शिकागोकडच्या मुलग्यांना प्रश्न विचारून. मुलगी एकही नव्हती. तुम्ही नौपाड्यात क्लासबाहेर सायकली टेकून उभी असलेली पोरं पकडा आणि कोलबर्ग यांचीच हाइन्झची गोष्ट सांगा. बायको कॅन्सरनं मरणाच्या दारात, औषध एकाच दुकानदाराकडे, आणि तो किंमत सांगतोय अव्वाच्या सव्वा. नवऱ्यानं चोरी करावी का? पोरगा म्हणेल, करावी, पैशापेक्षा जीव मोठा. वा! तत्त्व बोलला, चढवा वर. तेवढ्यात शेजारी उभी असलेली त्याची बहीण म्हणेल, "पण काका, तो आत गेला तर तिच्याकडे बघणार कोण? दुकानदाराशी बोलून हप्ते नाही का बांधून घेता येणार?" पोरगी व्यवहारी आहे, असं क्षणभर वाटेल. फसू नका. पोरगी तत्त्व सोडून नात्यागोत्यात शिरली, तिला खाली उतरवा. कोलबर्ग यांच्या सहा पायऱ्यांच्या शिडीवर बायका बहुधा तिसरीवरच अडकतात, असा निष्कर्ष निघालाच होता. बायका का अडकतात यावर पुष्कळ चर्चा करता येते. शिडी कुणाच्या टांगेच्या मापानं केली, हे मात्र विचारायचं नसतं. कॅरोल गिलिगन यांनी १९८२ साली पुस्तक लिहून ते विचारलं. त्याही कोलबर्ग यांच्याच हार्वर्ड विद्यापीठातल्या, म्हणजे घरचाच आहेर.

ताणतणावाचा अभ्यास करायचा असेल तर संध्याकाळच्या कर्जत गाडीचा पुरुषांचा डबा पुरे. संकटात माणूस लढतो किंवा पळतो, हे तिथं दोन मिनिटांत सिद्ध होतं. लेडीज डब्याकडे फिरकू नका. मानसशास्त्रज्ञ शेली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिलं, की ताणाला शरीर कसा प्रतिसाद देतं याच्या प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत १९९५ पूर्वी बायका जेमतेम १७ टक्के होत्या. कारण शास्त्रशुद्ध होतं: पाळीमुळे संप्रेरकं वरखाली होतात आणि आकडे बिघडतात. जगातल्या निम्म्या लोकांचं शरीर आकडे बिघडवतं म्हटल्यावर शास्त्रज्ञानं तरी काय करावं?

याच टेलरबाईंनी पुढे असं मांडलं, की ताण आला की बायका पिल्लांना जपतात, एकमेकींना धरून राहतात. चौथ्या सीटवरून लेडीज डब्यात जुंपलेली भांडणं ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना हेही जरा जास्तच गोड वाटेल. पण तुमच्या कामाचं आहे. बाईला कमी लेखणं आता जुनं झालं. आता तिला उच्चासनावर बसवायचं. ती मुळातच ममताळू, समजूतदार, सोशिक. एकदा हे शास्त्र म्हणून सांगितलं की सासऱ्यांचं पथ्यपाणी कोण बघणार हा प्रश्न घरात उरत नाही. मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी २००५ साली आधीच्या संशोधनांचे ४६ मोठे आढावे एकत्र तपासले, तेव्हा स्त्री-पुरुषांमधले बहुतेक मानसिक फरक नगण्य किंवा किरकोळ निघाले. अशा निबंधांची घरात वाच्यता करू नये.

निरोगी कोण, हे ठरवायला घोडबंदरच्या कुठल्याही सोसायटीची वार्षिक सभा गाठा. पार्किंगवरून टेबल बडवणारे ते ठाम. त्याच मुद्द्यावर आवाज चढवणाऱ्या बाई? घरी काहीतरी बिनसलंय. हा निवाडा फक्त आपल्या सेक्रेटरींचा नव्हे. ब्रोव्हरमन आणि सहकाऱ्यांनी १९७० साली मनाचा इलाज करणाऱ्या ७९ तज्ज्ञांना विचारलं होतं, तेव्हा त्यांचा निरोगी 'प्रौढ माणूस' निरोगी पुरुषाशी जुळला. निरोगी स्त्री मात्र वेगळीच: जास्त हळवी, जास्त परावलंबी, कमी धाडसी. म्हणजे बाई चांगली असेल तर धड प्रौढ नाही, आणि प्रौढ असेल तर धड बाई नाही.

मूल बिघडलं तर आई. यावर वेगळा अभ्यास लागत नाही. मूल स्वमग्न असेल तर आई थंड, फ्रिजसारखी. स्किझोफ्रेनिया झाला तर तोही आईच्या वागण्यामुळे, असं १९४८ साली मनोविकारतज्ज्ञ फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी लिहिलं. (लिहिणारी बाई होती. पद्धत पक्की असली की कुणीही चालवू शकतं.) बाबा वागळे इस्टेटला सेकंड शिफ्टला असल्यामुळे सिद्धांतात सापडत नाहीत.

आणि हो, मोजायच्या भानगडीत पडू नका. पाळीच्या दिवसांत बाईची बुद्धी मंदावते हे सगळ्यांना नीट ठाऊक होतं, तोवर काही अडत नव्हतं. मग मानसशास्त्रज्ञ लीटा हॉलिंगवर्थ यांनी बायकांच्या दिवसेंदिवस चाचण्या घेतल्या आणि १९१४ साली सांगितलं, असं काही आढळत नाही. एवढं छान मत, एका बाईनं मोजून वाया घालवलं.

आता व्याख्यान. सहयोग मंदिरात हॉल मिळाला तर उत्तम. शेवटी प्रश्नोत्तरांत एखाद्या बाई उठतीलच. घाबरू नका, मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी १९२५ मध्येच बजावून ठेवलंय, की स्त्रीवाद्यांनी नाकारलं म्हणून आपल्या निष्कर्षांवरून ढळायचं नाही. त्यांच्या मते मुलीचं मन घडतं ते मुलाकडे असलेला अवयव आपल्याकडे नाही या असूयेतून. बाई चिडल्या तर सिद्धांत खरा, गप्प बसल्या तर सत्य मनात दडपलंय, म्हणजे दुप्पट खरा. अडचण एकच. मनोविश्लेषक कॅरन हॉर्नी यांच्यासारख्या एखाद्या बाई शांतपणे विचारतील, की मूल जन्माला घालता येत नाही याची असूया पुरुषांना वाटत असेल, तर तिचा अभ्यास कुठं झालाय? हॉर्नी यांनी हे १९२६ सालीच विचारलं होतं. अशा वेळी घड्याळाकडे बघा, अध्यक्षांचे आभार माना आणि बाहेर चहा तयार असल्याचं जाहीर करा.