दुखण्यावरची ‘डिप्रेशनची गोळी’ आणि एक घातक सल्ला

कोथरूडमधील ज्येष्ठ नागरिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या फिरणारा एक संदेश माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि मधुमेहामुळे होणाऱ्या तळपायांच्या आगीसाठी सुरू असलेली ड्युलोक्सेटीन या नैराश्यावरच्या औषधाची कॅप्सूल तिने कोणालाही न विचारता बंद केली. संदेशाचे म्हणणे असे: दुखण्यावर डिप्रेशनची गोळी देणारा डॉक्टर तुम्हाला मनोरुग्ण ठरवतो; या साऱ्या गोळ्या सारख्याच; त्यांचे व्यसन लागते, म्हणून आजच बंद करा; घ्यायचीच तर जुनी, स्वस्त अमिट्रिप्टिलीन घ्या, तिला दुष्परिणाम नाहीत.

पहिला मुद्दा फार वेळ देण्याजोगा नाही. ड्युलोक्सेटीन मेंदूतल्या ज्या द्रव्यांवर काम करते, ती सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन मेंदूकडून मज्जारज्जूकडे उतरणाऱ्या, वेदना दाबणाऱ्या मार्गांतही काम करतात. म्हणून नैराश्य नसलेल्या रुग्णालाही या औषधाचा उपयोग होतो. डॉक्टरांनी हे दोन वाक्यांत सांगितले असते तर अशा संदेशांचे निम्मे काम अडले असते, हे मात्र मान्य करावे लागते.

खरा संताप येतो तो ‘आजच बंद करा’ या सल्ल्याचा. ड्युलोक्सेटीन एकदम थांबवल्यास चक्कर, मळमळ, चिडचिड आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना होऊ शकते. मावशीला दोन-तीन दिवसांत नेमके हेच झाले, आणि तिने त्यालाच व्यसनाचा पुरावा मानले! व्यसनात औषधाची ओढ लागते आणि मात्रा वाढवावीशी वाटते. येथे शरीर अचानक बदलाला प्रतिक्रिया देत असते. मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते, तीही कॅप्सूल उघडून अर्धी भुकटी टाकून नव्हे, कारण आतल्या कणांवर जठरातील आम्लापासून वाचवणारे आवरण असते.

सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत, हे कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यातून स्पष्ट होते. दीर्घकालीन वेदनांवरील १७६ चाचण्या आणि २८ हजारांहून अधिक रुग्ण तपासल्यावर सर्वांत भरवशाचा पुरावा ड्युलोक्सेटीनच्या बाजूने निघाला, आणि ६० मिलिग्रॅमहून अधिक मात्रेने जादा फायदा दिसला नाही. अमिट्रिप्टिलीन पुष्कळ वापरली जाते, परंतु तिच्याबद्दलचा पुरावा ठाम मत देण्याइतका भक्कम नव्हता. मात्र चाचण्या सरासरी दहाच आठवड्यांच्या होत्या आणि दुष्परिणामांविषयीचा पुरावा कमकुवत होता. तेव्हा ‘दीर्घकाळाचे काय?’ ही संदेशामागची शंका अगदीच निराधार नाही.

पण ‘दुष्परिणाम नाहीत’ हे विधान धडधडीत खोटे आहे. अमिट्रिप्टिलीनने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठता होते, सुस्ती येते, वजन वाढू शकते. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडू शकते, वृद्धांना भ्रम होऊन रात्री पडण्याचा धोका वाढतो, आणि हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्यांना तर ती जपूनच देतात. ड्युलोक्सेटीनचा त्रास वेगळा असतो: सुरुवातीला मळमळ, घाम, काहींचा रक्तदाब वाढणे, यकृताचा आजार असल्यास किंवा मूत्रपिंडे बरीच निकामी झाली असल्यास ती टाळतात. शिवाय दुखण्यासाठी ट्रॅमॅडॉलही चालू असेल, तर या दोन्हींपैकी कोणतीही गोळी सुरू करण्यापूर्वी ते डॉक्टरांना सांगावेच लागते. केमिस्टकडून परस्पर आणलेल्या ‘स्वस्त’ गोळीच्या बाबतीत ते कोण विचारणार?