कच्चं लिंबू, रस्सीखेच आणि खेळाचा तास : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

शाळेतल्या खेळाने मुलं घडतात आणि जिवाभावाची मैत्री जुळते, असं मी लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलंच फैलावर घेतलंत. तुमचं म्हणणं असं की, भिडू निवडताना शेवटी उरणाऱ्या मुलाच्या वाट्याला मैदानावर फक्त अपमान येतो, स्पर्धेमुळे तट पडतात आणि दोस्तीच हवी असेल तर ती नाटकाच्या तालमीतही होते.

तट पडण्याच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमच्या बाजूने चांगला पुरावा आहे आणि तो तुम्ही वापरलाच नाहीत! मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमात अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर भरवलं. दोन गट पाडले, त्यांच्यात बेसबॉल आणि रस्सीखेचीचे सामने लावले, जिंकणाऱ्यांना बक्षिसं ठेवली. थोड्याच दिवसांत शिवीगाळ, झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी. (संशोधकांनीच बऱ्याच काड्या केल्या, अशी टीका नंतर झाली, ती रास्त आहे.) मग समेट घडवण्यासाठी दोन्ही गटांना जेवायला एकत्र बसवलं, तर तिथेही जुंपली. वातावरण निवळायला लागलं ते पाणीपुरवठा बंद पडल्यावर आणि सामानाचा ट्रक अडल्यावर. तो ट्रक सगळ्यांनी मिळून ओढला, आणि दोर होता रस्सीखेचीचाच.

मला यात खेळाविरुद्धचा निकाल दिसत नाही. मुलं तीच, दोर तोच. फरक पडला तो त्यांच्यापुढे ठेवलेल्या कामाने. शाळेचा संघ वर्षभरात सामने खेळतो मोजके, सराव करतो कितीतरी जास्त. चार गुणिले शंभर मीटर रिले घ्या. बॅटन ३० मीटरच्या पट्ट्यातच हातात पडावी लागते आणि घेणारा सहसा मागे न बघता, हात मागे करून धावत सुटतो. देणारा वेळेवर पोचेल यावर त्याला विसंबावंच लागतं. हे जमेपर्यंत बॅटन वारंवार पडते, वाद होतात, पुन्हा सगळे आपापल्या जागी उभे राहतात. मैत्री जुळते ती इथे. पदक मिळो न मिळो.

नाटकाच्या तालमीबद्दल आपलं भांडणच नाही. तिथेही हेच घडतं. अमेरिकेतले संवादशास्त्राचे प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलेला अंदाज असा की, तोंडओळखीतून साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास लागतात आणि घट्ट मैत्रीला २०० हून अधिक. अभ्यास प्रौढांचा आणि विद्यापीठात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचा होता, त्यामुळे आकडे शाळकरी मुलांना जसेच्या तसे लावू नयेत. पण आठवड्यातून एकदा उरकलेल्या खेळाच्या तासाने काही होत नाही, एवढं त्यावरून कळायला हरकत नाही. खेळात तालमीपेक्षा जास्तीचं एक आहे, ते म्हणजे शरीर. ऑक्सफर्डच्या नौकानयनपटूंवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात, तेवढीच मेहनत एकट्याने करण्यापेक्षा सोबत्यांबरोबर एका लयीत केल्यावर वेदना सोसण्याची क्षमता जास्त वाढलेली आढळली. संशोधकांच्या मते यामागे शरीरात स्रवणारी एन्डॉर्फिन ही रसायनं असावीत, आणि माणसं जवळ येण्यातही त्यांचा हात असावा.

आता तो शेवटी उरलेला मुलगा. इथे तुमचा राग मला पटतो, फक्त तो खेळावर काढू नका. दोन दांडग्या मुलांना कर्णधार करून सगळ्यांदेखत एकेक भिडू उचलायला लावणं हा मोठ्यांचा आळस आहे. ओळीने एक-दोन, एक-दोन मोजलं की मिनिटभरात संघ पडतात आणि कुणी कच्चं लिंबू ठरत नाही. शिवाय दहाव्या वर्षी जे ‘कौशल्य’ दिसतं, त्यात जन्मतारखेचा हात बराच असतो: कॅनडातल्या आइस हॉकीत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्या, म्हणजे आपल्या वयोगटात काही महिन्यांनी मोठ्या असलेल्या मुलांची भरती जास्त असल्याचं १९८५ पासून नोंदलं गेलंय. नॉर्वेने मुलांच्या खेळासाठी १९८७ मध्येच नियम केले. तिथे अगदी लहान वयात गुणतक्ते आणि क्रमवारी लावत नाहीत. (तिथला खेळ शाळेपेक्षा क्लबांत चालतो, हे खरं.) त्याच देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदकं मिळवली. श्रेय त्या नियमांचंच, असा दावा मी करत नाही, पण लहानपणी निवड-गाळणी केली नाही तर दर्जा घसरतो, ही भीती मात्र फोल ठरते.

आणि शाळेनेच का? जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार २०१६ मध्ये ११ ते १७ वयोगटातली ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के. ज्यांना घरून मैदानावर कुणी नेत नाही, त्यांच्यासाठी शाळेचा तासच उरतो. तोही गणिताला देऊन टाकला तर खेळ क्लबची फी परवडणाऱ्यांपुरता राहील, आणि तुमचं ते शेवटी उरलेलं मूल तिथे निवडीच्या रांगेतसुद्धा नसेल.

नको असलेल्या मुलाला जबरदस्तीने खेळवायचं का, असं तुम्ही विचारलंत. तासाला यायला लावावं, सामन्याला नाही. आणि शारीरिक शिक्षणाला गुण तर अजिबात देऊ नयेत. यावरही तुमचं दुमत असेल, तर खुशाल लिहा.