विम्याविना गाडी कशी हाकावी

पॉलिसी संपायची तारीख अजिबात लक्षात ठेवू नका. कंपनीचे मेसेज आले की 'लोन हवंय का' वाल्यांबरोबर तेही न वाचताच उडवा. कोणी हटकलंच तर "नव्वद दिवस चालतं" म्हणा. ती मुदत नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, टिकवण्यापुरती असते, त्या दिवसांत विमा शून्य असतो. पण एवढं बारीक कोण बघतो?

"शोरूमवाल्यांनीच काढून दिलाय" हे वाक्य पाठ करून ठेवा. 2018च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारी पॉलिसी, पाच वर्षांची मिळते, चारचाकीला तीन. तुम्ही सातव्या वर्षीही हेच वाक्य वापरा.

एजंट स्वस्तातला गाठा. थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांना सारखेच. तरीही त्यावर 'खास तुमच्यासाठी' निम्मी सूट देणारा भेटला की पैसे देऊन मोकळे व्हा. पॉलिसीवरचा क्यूआर कोड स्कॅन करू नका, उगाच मूड जातो.

जुनी स्कूटर विकलीत? आरसीवरचं नाव बदलायची घाई नको. उद्या ती कोणाला धडकली तर कोर्टात मालक म्हणून तुमचंच नाव निघेल, तेवढीच प्रसिद्धी.

पोलिसाने हात केला की आधी ओळखी सांगा. विमा आहे पण कागद जवळ नाही, त्याला डिजिलॉकर, एमपरिवहन ही सरकारी ॲप चालतात. नाहीतर नंतर आणून दाखवायला मुदत मिळते. विमाच नाही त्याला मोटार वाहन कायद्याचं कलम 196: पहिल्यांदा 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात की दंड 4,000. दोन हजारांची पावती म्हणजे वर्षभराची सुटका, असाच हिशोब करा.

खरं कसब ठोकल्यानंतरचं. परवा सिग्नलला एका उस्तादाने दाखवलंच. मागून धडकायचं, उतरायचं, बोटाला थुंकी लावून समोरच्याच्या बंपरवरचा चरा घासायचा आणि म्हणायचं, "काका, पॉलिशने जाईल." इन्शुरन्स विचारला की पाचशेची नोट काढायची. नोट नाकारली की आवाज चढवायचा. बंपरच होता म्हणून मांडवली तरी होते. तिथे माणूस असता तर? तीस वर्षांचा, छोट्या धंद्यातून महिना 25,000 कमावणारा, घरी बायको, एक मूल आणि आई. अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या न्यायाधिकरणाचा हिशोब ठरलेला आहे: वर्षाचे तीन लाख, त्यावर पुढच्या वाढीचे 40 टक्के, त्यातून एक तृतीयांश त्याच्या स्वतःच्या खर्चाचे वजा, उरलेल्या 2 लाख 80 हजारांना त्याच्या वयासाठी ठरलेल्या आकड्याने, 17ने, गुणायचं. झाले 47 लाख 60 हजार, व्याज वेगळं. विमा असता तर कंपनीने भरले असते. नाही, म्हणजे तुम्ही भरायचे. तुमच्या फ्लॅटमधून, पगारातून. आणि तुमच्याकडे तेवढे नसतील तर त्याच्या बायकोने भरपाईच्या हुकुमाचा कागद काय फ्रेम करून भिंतीला लावायचा?

ही चैन तुम्ही किती पैसे वाचवायला करता? जून 2022च्या दरपत्रकात 75 ते 150 सीसीच्या दुचाकीची थर्ड पार्टी 714 रुपये आहे, जीएसटी धरून 843. वर्षाला! मोबाइलच्या कव्हरवर याहून जास्त उडवता आणि वर आम्हालाच सांगता, "काय काका, एवढ्याशा चऱ्यासाठी". लाजा वाटू द्या जरा. फोन हातातच आहे ना? एमपरिवहन उघडा, गाडीचा नंबर टाका आणि तारीख बघा. संपली असेल तर चावी खिळ्याला अडकवा आणि रिक्षाने जा.