त्यांना काय कळणार त्यातलं?

आज दुपारी एका मित्राचा फोन आला. इथलाच, व्हिएन्नातलाच, दर गणपतीला आमच्याकडे मोदक वळायला बसणारा. त्याचे आईबाबा मे महिन्यात पहिल्यांदाच येतायत. चार दिवसांचा प्लॅन मला पाठवून म्हणाला, बघून काही सुचव. शॉनब्रुनचा राजवाडा होता, हॉलस्टाट होतं, डॅन्यूबमधली बोट होती, आउटलेट मॉलला अख्खा एक दिवस होता. मी म्हटलं, एक सकाळ कुन्स्टहिस्टोरिशेसला, इथल्या मोठ्या चित्रसंग्रहालयाला दे की. तर म्हणतो, "अगं सोड, म्युझियम नको. त्यांना काय कळणार त्यातलं?"

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. स्वयंपाक झाला, जेवणं झाली, ओटा पुसून झाला, साडेदहा वाजले आणि मी अजून त्याच्याशी मनातल्या मनात भांडतेय. म्हणून इथे लिहिते. तो वाचेलच.

माझी आई दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आली होती. खटाव तालुक्यातली, औंधजवळच्या एका खेड्यातली. शाळा सातवीपर्यंत. आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला. रिंगवर, म्हणजे जुन्या शहराभोवतीच्या मोठ्या रस्त्यावर, ट्राममधून उतरलो तर वारा असा की छत्री उलटी होत होती. समोर ती घुमटाची इमारत, आत ऊब असणार, बसायला बाकं असणार, म्हणून शिरलो. हाब्सबुर्ग बादशहांनी पिढ्यान् पिढ्या जमवलेली चित्रं 1891 पासून त्या इमारतीत आहेत आणि मी सहा वर्षं तिच्यावरून ऑफिसला जात होते.

पहिली दालनं आईने भराभर मागे टाकली. रुबेन्सच्या दालनात तर दोन मिनिटंही थांबली नाही, "चल पुढं" म्हणाली. सगळंच आवडलं असं मी म्हणत नाहीये. मग दहाव्या क्रमांकाचं दालन आलं, ब्रूगेलचं. या माणसाची जेमतेम चाळीस चित्रं जगात उरलीत, त्यातली डझनभर या एका दालनात आहेत. आईला अर्थातच यातलं काही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, हे मी नंतर वाचलं. तिचे गुडघे दुखत होते म्हणून ती बसली, आणि समोर आलं ते शेतकऱ्याच्या लग्नातलं जेवण. 1567च्या सुमाराचं, साडेपाच फूट रुंद लाकडी फळीवर रंगवलेलं.

थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आगं, दार काढून आणलंय की ह्यांनी."

मला दारच दिसत नव्हतं. "त्ये काय, दोघांनी धरलंय. बिजागरीवरनं दार उचकाटलंय आन् त्यावर वाडगी मांडल्यात. माणसं लय आल्याती वाटतं, ताटं पुरली न्हाईत."

खरंच दार होतं. मग ती सुरूच झाली. मागची पिवळी भिंत मला भिंतच वाटत होती. "भित न्हाय गं, पेंढ्यांची गंज हाय ती. आन् वर बघ, दोन पेंढ्या दाताळ्यानं टांगल्यात. सुगी झाल्यावरचं लगीन हाय." वाद्यवाल्यांपैकी एकजण वाजवायचं सोडून वाढप्यांकडे बघतोय, तो तिनेच दाखवला. "त्याला बिचाऱ्याला भूक लागलीया." खाली जमिनीवर एक पोर बसलंय, डोळ्यांवर येणारी मोठी टोपी, तिला मोराचं पीस, वाडग्यात बोट घालून चाटतंय. त्याच्याकडे बघून हसली. आणि रंगाचं काय म्हणाली माहितीये? "तांबडा कसा पसरलाय बघ. हितं टोपी, तिथं टोपी. एका जागी येऊ दिला न्हाय." चाळीस वर्षं गोधड्या शिवणाऱ्या बाईचं बोलणं आहे हे. तांबडी चिंधी कुठे लावायची यावर आमच्या सोप्यात बायकांची दुपार-दुपार चर्चा चाललेली मी ऐकलीये. मला ती कधी कलेतली चर्चा वाटली नव्हती, ही माझी अक्कल.

आता सांगा, कुणाला काय कळत नाही?

मला या "त्यांना"चाच राग येतो. आपण इथे आलो, जर्मन शिकलो, दोन-चार चित्रकारांची नावं तोंडात बसली आणि आईवडिलांच्या वतीने ठरवायला लागलो. त्यांना सुपरमार्केट दाखवायचं, सरकते जिने दाखवायचे, राजवाड्यासमोर उभं करून फोटो काढायचा. कुणी ठरवलं त्यांना एवढंच झेपतं? माझी आई औंधची आहे हो! औंधच्या पंतप्रतिनिधींनी 1938 साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधलं, त्यात रविवर्म्याची सैरंध्री आहे, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं मायलेकराचं शिल्पसुद्धा आहे. आई पोरवयात यात्रेला जायची तेव्हा देवीचं दर्शन झालं की तिथे शिरायची. मला तिने हे त्या बाकावर बसून सांगितलं. "असलं मी औंधाला बघितलंय की." माझ्या आधी पन्नास वर्षं!

बरं, तिकीट स्वस्त नाही, मान्य. माणशी वीस युरोंच्या वर आहे, दोघांचे चार हजारांच्या वर रुपये होतात आणि तो आकडा ऐकून आपल्या आईबापांचं तोंड उतरतं. पण आउटलेट मॉलमध्ये तेवढे खाण्यापिण्यातच जातात. आणि एकोणीस वर्षांखालच्यांना आत फुकट आहे, म्हणजे तुझी पोरगी आजीबरोबर पैसा न देता जाईल. आजीने तिला दार दाखवलेलं बघ एकदा.

पण मला सांगायचंय ते वेगळंच आहे, आणि ते लिहायला बसल्यापासून मी टाळतेय.

त्या चित्रात नवरी आहे. हिरव्या कापडापुढे बसलीये, डोक्यावर कागदाचा मुकुट टांगलाय, हात जुळवून, डोळे अर्धे मिटून. नवरा नेमका कोण ते अजून कुणाला धड ओळखता आलेलं नाही. सगळे खातायत, पितायत, वाढतायत. तिच्यापुढे कुणी वाडगं धरलेलं नाही. आई तिच्याकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "हिला कुणी इचारलं नसंल."

मी विचारलं, काय?

"जेवलीस का म्हून. माझ्या लग्नात मला सांज झाली. धोतरावर भाताचा ढीग, बादल्यांनी आमटी, पंगती उठत व्हत्या न् बसत व्हत्या. मला कुणी इचारलंच न्हाय. आन् नव्या नवरीनं मागायचं कसं? शेवटी तुझ्या धाकट्या आत्यानं पदराखालनं दोन बुंदीचं लाडू आणलं. भितीकडं तोंड करून खाल्लं मी."

एकोणचाळीस वर्षांची होते मी तेव्हा. आईच्या लग्नाचा एकुलता एक फोटो मला तोंडपाठ आहे, मुंडावळ्यांमागचे डोळे खाली घातलेला. त्या डोळ्यांना मी लाज समजत होते. ती उपाशी होती. आणि ज्या आत्याने लाडू आणले तिच्याशी जमिनीच्या वाटणीवरून आमचं बारा वर्षं बोलणं बंद आहे.

तासभर बसलो असू. खाली दुकानात आईने त्या चित्राची दोन कार्डं घेतली. एक आपल्याला, एक आत्याला.

त्यानंतरचे दहा दिवस मी हे शहर तिच्या डोळ्यांनी बघितलं. नाशमार्क्टला मी सहा वर्षं कोथिंबीर आणायला जात होते, पण मान वर करून मायोलिकाहाउस कधी नीट बघितलं नव्हतं. आई पिशवी हातात धरून भर रस्त्यात उभी राहिली. "वेल चढवलीया का गं भितीवर?" अख्खी भिंत टाइल्सची, खालून निघून वर वर दाट होत गेलेली गुलाबी फुलं. ओटो वाग्नरने 1899च्या आसपास बांधलेलं भाड्याने द्यायचं घर आहे ते, लोक राहतात त्यात. त्याच वाग्नरने शहराच्या रेल्वेची स्टेशनं बांधली. कार्ल्सप्लाट्झला स्टेशनच्या दोन छोट्या मंडपांवर सोनेरी सूर्यफुलं आहेत. कामावर जाणाऱ्या माणसांसाठी इतकी निगुती! मी त्यांच्याखालून मोबाइलमध्ये बघत जायचे.

आता बघते. ऑपेराला उभ्याच्या तिकिटावरही जाते, थोडक्या युरोंत मिळतं. आपली जागा धरायला लोक कठड्याला स्कार्फ बांधून ठेवायचे, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसा. फोनवर आईला हे सांगितलं तर तिला फार बरं वाटलं.

तर तुला. दुपारी मी फोन ताडकन ठेवला, ते चुकलं. खरं म्हणजे त्या दिवशी पाऊस नसता तर मीही आईला आत नेलं नसतं. माझ्याही मनात तेच होतं, तिला काय कळणार. एक्केचाळीस वर्षांची झाले तरी ते लाडू मला माहीत नसते, म्हणून तुझं वाक्य इतकं लागलं.

काका फार चालू शकत नाहीत हे लक्षात आहे माझ्या. लिफ्ट आहे, दालनात बसायला जागा आहे. गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, संध्याकाळी गर्दी कमी होते. तुला सुट्टी नसेल तर राहू दे, मी नेते दोघांना. थेट दहाव्या दालनात जाऊ आणि बसू. मी काही सांगणार नाही. काकू काय म्हणतात ते मला ऐकायचंय.