कॉर्क टाइलने ओल थांबत नाही

‘ओल आलेल्या भिंतीवर कॉर्क टाइल चिकटवा, ओल थांबते,’ हा फिरणारा सल्ला चुकीचा आहे. कॉर्क, म्हणजे बुचाची साल, पाणी फारसे शोषत नाही हे खरे; पण ओल मागून, प्लास्टरमधून येते. ती टाइलमागे अडकते, क्षार फुलून गोंदाची पकड सुटते, कडा वळतात, मागे बुरशी धरते. आधी गळती काढा. मग दोन फुटी प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून भिंतीवर २४ तास ठेवा. मागच्या बाजूला दव दिसले तर थांबा.

भिंत कोरडी असेल तर सुटा रंग खरवडून प्रायमर मारा. टाइल ४८ तास त्याच खोलीत उघड्या ठेवा. कॉन्टॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह भिंतीला आणि टाइलला, दोन्हीकडे लागते. टाइल एकदा टेकली की सरकत नाही, म्हणून ओळंब्याने मधली रेघ आधीच आखा.

आणि ४ मिमी कॉर्कने खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, शेजारचा टीव्ही नाही.