पदराची सावली चेहऱ्यावर पडत नाही

आमची वरुडकडे संत्र्याची बाग आहे. हिवाळ्याअखेर फुललेल्या अंबिया बहाराची फळं झाडावर असतात, त्यामुळे मे महिन्यातही ठिबकच्या नळ्या बघायला जावंच लागतं. पाच वर्षांपूर्वी दोन्ही गालांवर वांग आले. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं, ऊन अंगावर घेत राहिलात तर मलमाचा उपयोग नाही. मी म्हटलं, डोक्यावर पदर असतोच की. त्या म्हणाल्या, पदर डोकं झाकतो, गालावर सावली कुठे पाडतो?

इतकी वर्षं मला हे सुचलं नव्हतं. बागेतल्या सगळ्या बायका पदर नाहीतर ओढणी घेतात, आणि सगळ्यांचे गाल, नाक उन्हात उघडे.

म्हणून हॅट घेतली. पहिली चुकली. दिसायला सुंदर, गवताची, जाळीदार विणीची. उन्हात घातली तर तोंडावर उजेडाचे ठिपके. म्हणजे ऊन गाळून आत येत होतं. शिवाय काठ इतका लुळा, की खाली वाकलं की डोळ्यांवर. तेव्हापासून हॅट आधी उजेडाकडे धरून बघते. आरपार दिसली तर परत ठेवते.

दुसरी गोष्ट माप. ‘फ्री साइज’वर विश्वास ठेवू नका. शिवणाची टेप कपाळाच्या मध्यातून, कानांच्या जरा वरून फिरवा. माझं माप 56 सेंटीमीटर. कपाळावर वळ उठला तर हॅट घट्ट, मान हलवल्यावर फिरली तर सैल. अंबाडा असेल तर मागचा काठ त्याला अडतो आणि हॅट पुढे ढकलली जाते, म्हणून मी बागेत वेणीच घालते. आणि गळ्याखाली बांधायला नाडी हवीच, आमच्याकडे दुपारचा वारा काही ठेवत नाही.

काठ चहूबाजूंनी निदान साडेसात सेंटीमीटर हवा. क्रिकेटच्या टोपीला पुढे छज्जा असतो, कान आणि मान भाजतातच. मात्र रुंद म्हणजे कितीही रुंद नव्हे. मी पाच फूट, अंगाने बारीक. खांद्यांच्या बाहेर जाणारा काठ घातला की मी दिसतच नाही, फक्त हॅट दिसते. गोल चेहऱ्याला माथा थोडा उंच असलेली शोभते, लांबट चेहऱ्याला बसका माथा. काठाची आतली बाजू गडद असावी. पांढरी असली की जमिनीवरून येणारा उजेड तिच्यावरून डोळ्यांत येतो.

शेवटी मी गावातल्या शिंप्याकडूनच शिवून घेतली. दाट विणीचं सुती कापड, दुहेरी, काठ ताठ राहावा म्हणून आत बक्रमचं कडक अस्तर, आत घाम टिपायला पट्टी, आतून गडद निळं. धुता येते, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “काय वं, हे काय घातलं डोक्शावर?” मजूर बायका गप्प बघत होत्या. मला राग याचाच येतो, की हॅट म्हटलं की आपल्याला समुद्रकिनाऱ्यावरचे फोटो आठवतात. उन्हात दिवसाचे सात तास काढणाऱ्या बाईने ती घातली तर मात्र ती ‘मडम’ होते. कोकणात भातलावणीला बायका इरलं घेतात. डोक्यापासून पाठीपर्यंत, वाकलेल्या अंगाला बरोबर बसेल असं. पावसासाठी आपल्याच लोकांनी कामाला शोभेल अशी वस्तू केली. मग आमच्या विदर्भातल्या उन्हासाठी बाईच्या डोक्यावर फक्त पदर का?

त्या वर्षी बागेतल्या बायकांसाठी आणखी चार हॅट शिवून घेतल्या, प्रत्येकीचं डोकं मोजून. एकीने नको म्हटलं, तिला पदराशिवाय बागेत फिरणं बरं वाटत नव्हतं. मग तिची हॅट अर्ध्या सेंटीमीटरने सैल केली. ती आता पदरावरून घालते.

परवा गच्चीवर कुरडया घालत होतो. सासूबाईंनी खुंटीवरची माझी हॅट काढली, नाडी बांधली आणि म्हणाल्या, “माह्या डोक्याचं माप घे.”

त्यांचं 54 भरलं.