उत्तर : दोन वाटमारे, एक सरबताचं यंत्र आणि गेटवेचं कार्ड

वकीलसाहेब, प्रतिक्रिया झोंबली. गेटवे हे लोक निन्टेन्डो थ्रीडीएस या हातात धरायच्या गेमयंत्रावर चोरीचे गेम चालवणारं कार्ड विकायचे, आणि त्या कार्डाच्याही नकला निघाल्या. त्यावरच्या लेखात मी लिहिलं होतं, 'अशांना कोर्टाचा रस्ताच बंद, म्हणून त्यांनी स्वतःच बंदोबस्त केला.' त्यावर तुमचे दोन आक्षेप : कायदा चुकीचा सांगितला, आणि वर चोरांची वकिली केली. पहिला निम्मा मान्य. दुसरा अजिबात नाही.

लिहिताना डोक्यात १७२५ सालचा इंग्लंडमधला खटला होता. एव्हरेट आणि विल्यम्स, दोघे वाटमारे. लुटीच्या वाटणीवरून बिनसलं, तसा एकानं दुसऱ्यावर भागीदारीच्या हिशेबाचा दावा ठोकला. धंदा कसला, हे अर्जात शिताफीनं गुळमुळीत ठेवलं होतं. कोर्टानं दावा फेटाळला आणि वर वकिलांनाच दंड केला. (सांभाळून असा!) पुढे दोघेही वाटमारे फासावर गेले.

पण लबाडी करणाऱ्याला कोर्टात दाद नाही, हा न्याय सरसकट लागत नाही, हे तुमचं खरं. अमेरिकेतल्या ज्युसी व्हिप कंपनीच्या सरबताच्या यंत्रात वरच्या पारदर्शक भांड्यात सरबत घुसळताना दिसायचं. ग्लासात पडायचं ते मात्र आतल्या आत सिरप आणि पाणी मिसळून केलेलं. त्यांनी पेटंटभंगाचा दावा लावल्यावर ऑरेंज बँग या प्रतिस्पर्धी कंपनीचं म्हणणं असं, की गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या यंत्राला पेटंट कसलं? १९९९ साली फेडरल सर्किट या अपिलाच्या कोर्टानं तेवढ्या कारणावरून पेटंट रद्द करायला नकार दिला.

गेटवेची गत या दोहोंपेक्षा वेगळी. ते कार्ड निन्टेन्डो थ्रीडीएसचं कुलूप चुकवून उतरवलेले गेम चालवायचं. त्यांच्या कोडवर कॉपीराइट सांगता आलाही असता, पण त्यासाठी नाव-पत्त्यासकट 'हे आम्ही बनवतो' असं शपथेवर लिहून द्यायला हवं. ते वाचायला निन्टेन्डोचे वकील टपलेलेच! रस्ता बंद नव्हता, त्या रस्त्यानं जाण्याची सोय नव्हती. असं लिहायला हवं होतं.

आणि वकिली? जानेवारी २०१४ मध्ये गेटवेच्या अपडेटनं नकली कार्डाचा वास लागताच गिऱ्हाइकाच्या थ्रीडीएसची मेमरी पासवर्ड घालून बंद करून टाकली. निळा पडदा, त्यावर 'बूटरॉम ८०४६', बस्स. नक्कल करणाऱ्याचे पैसे कधीच खिशात गेले होते. याला मी बंदोबस्त म्हटलं, तो शब्द मागे घेतो. ती निव्वळ गुंडगिरी होती. अडकलेल्यांनाही दाद मागायची चोरी. शेवटी हौशी मंडळींनी यंत्रं उघडली, मेमरीच्या चिपला केसासारख्या तारा डकवल्या आणि रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावरून ते कुलूप काढलं.